मध्यमलहरी नभोवाणी : भोर व वेल्हे तालुके

५३१ ते १,६०२ किलोहर्ट्‌झ या कंप्रतांवरून होणारे ध्वनिप्रक्षेपण. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांना पुणे नभोवाणी केंद्राशी या लहरींनी जोडले. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) अनेक देशांत हे प्रक्षेपण बंद होत असताना त्याची जागा कशाने भरून निघेल, हा प्रश्न येथे भूरचनेशी निगडित आहे.

इतिहास : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. कंपनी बुडाल्यावर १९३० मध्ये सरकारने हे कार्य हाती घेतले व १९३६ मध्ये त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्या काळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पुणे केंद्राचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ मध्ये याच केंद्रावरून प्रथम प्रसारित झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकून गावकऱ्यांनी त्यावर चर्चा करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली. पुढे ट्रँझिस्टर संच आल्यावर वीज न पोहोचलेल्या वाड्या-वस्त्यांतही नभोवाणी ऐकणे शक्य झाले.

लहरी व भूरचना : राजगड, तोरणा व रायरेश्वर यांच्या डोंगररांगांनी नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांची खोरी वेगळी केली आहेत. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी सु. ३७९ मी. आहे. एवढ्या लांब लहरी भूपृष्ठालगत जातात व डोंगरांना काही प्रमाणात वळसा घालतात. रात्री त्या आयनांबरातून परावर्तित होऊन दूरवरही पोहोचतात. याउलट कंप्रता विरूपण म्हणजेच एफएम पद्धतीत १०१ मेगॅहर्ट्‌झला तरंगलांबी सु. ३ मी. असते. तिचा ध्वनी अधिक स्वच्छ असतो. परंतु लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने कड्याआडच्या खोऱ्यात ग्रहण क्षीण होते किंवा मिळत नाही. म्हणूनच अशी प्रक्षेपके उंचावर बसवितात. सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा याच तत्त्वावर उभा आहे.

प्रक्षेपणाची माघार : मध्यमलहरी प्रक्षेपकास वीज फार लागते, उंच आकाशकांसाठी विस्तीर्ण जमीन लागते व विद्युत् उपकरणांचा गोंगाट त्यात सहज मिसळतो. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१५ च्या अखेरीस हे प्रक्षेपण थांबविले. २०१८ च्या जानेवारीत बीबीसीनेही इंग्लंडमधील अनेक स्थानिक केंद्रांच्या मध्यमलहरी बंद केल्या. भारतात प्रसारभारतीने अनेक जुनी प्रक्षेपके टप्प्याटप्प्याने निवृत्त केली असून भर एफएमवर आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी प्रत्येकी १०० वॉट शक्तीची ९१ एफएम प्रक्षेपके एकाच वेळी सुरू करण्यात आली.

पर्याय : उघड्या पठारावर व रुंद खोऱ्यात एफएम हा स्वस्त पर्याय होय. २००४ मध्ये सुरू झालेल्या व आता डीडी फ्री डिश या नावाने चालणाऱ्या उपग्रहसेवेवर आकाशवाणीच्या वाहिन्या मासिक वर्गणीविना मिळतात व डोंगराची आडकाठी बहुधा येत नाही. मात्र तबकडी, दूरचित्रवाणी संच व वीज यांची गरज असते. न्यूजऑनएअर या अ‍ॅपवरून दूरची केंद्रेही ऐकता येतात, पण त्यास मोबाइलचे जाळे व डेटा लागतो. डीआरएम ही अंकीय पद्धती मध्यमलहरींवरच चालते व कमी विजेत चांगला ध्वनी देते. तथापि तिचे ग्राही संच महाग व दुर्मिळ आहेत. २००६ च्या धोरणानुसार शिक्षणसंस्थांखेरीज स्वयंसेवी संस्था व कृषिविज्ञान केंद्रेही समुदाय रेडिओ चालवू शकतात. अशा लहान केंद्राचा पल्ला थोडा असला, तरी एका खोऱ्यापुरते ते उपयुक्त ठरू शकते.

यांपैकी कोणताही एक पर्याय मध्यमलहरींचे सर्व गुण एकत्र आणत नाही. अतिवृष्टीत वीज व मोबाइल मनोरे एकाच वेळी बंद पडतात, तेव्हा दोन घटांवर चालणाऱ्या संचाचे मोल कळते. त्यामुळे डोंगरी तालुक्यांत जुने प्रक्षेपण थांबविण्यापूर्वी खोरेवार ग्रहणाची पाहणी करणे व जेथे एफएम पोहोचत नाही तेथे पूरक प्रक्षेपक उभारणे आवश्यक ठरते.