कडेला उभी असलेली माणसं

लालबागमध्ये एखाद्या जुन्या गोष्टीचं साल विचारलं, तर उत्तर आकड्यात क्वचितच मिळतं. "राजाच्या मागे महाल उभारला होता ना, त्या वर्षी," असं मिळतं. थोरल्याचं लग्न, आजीचं जाणं, चाळीत पहिला टीव्ही येणं, सगळं कुठल्या ना कुठल्या देखाव्याच्या खुंटीला टांगलेलं असतं. मूर्ती अनंत चतुर्दशीला समुद्रात जाते. मागे राहतो तो फोटो.

लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने हे फोटो वर्षवार जपले. मूर्ती, मखर, मागचा पडदा, वर्ष. इतका सलग अल्बम लालबागच्या कुठल्याही घरात सापडायचा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत बिऱ्हाड थाटलेल्यांकडे अल्बम ठेवायला जागा नव्हती, आणि दरवर्षी फोटो काढून घ्यायची ऐपतही नव्हती. ते काम नकळत गणपतीच्या मंडळाकडे आलं.

नवस

सुरुवात बाजारापासून झाली. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला. मासळी विकणाऱ्या कोळणी, भाजीवाले, किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी गणपतीला नवस बोलला: बसायला हक्काची जागा मिळू दे. नवस बोलून कोणी घरी बसलं नाही. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह, डॉ. व्ही. बी. कोरगावकर, नाखवा कोकम मामा, भाऊसाहेब शिंदे, डॉ. यू. ए. राव अशा मंडळींनी पाठपुरावा केला आणि जागेचे मालक तय्यबअली यांनी बाजारासाठी भूखंड दिला. ही नावं एका दमात वाचली तरी त्या काळचं लालबाग डोळ्यांपुढे उभं राहतं. गुजराती नगरसेवक, दोन डॉक्टर, एक नाखवा, आणि गणपतीच्या नवसाला जागा देणारा मुसलमान मालक.

१२ सप्टेंबर १९३४ रोजी नवस फेडला गेला. पहिल्या मूर्तीला कोळ्यांचा पेहराव होता. आजचा सिंहासनावर ऐसपैस बसलेला राजा पाहून मोठी झालेली मुलं हे ऐकून चकित होतात. पण नवस ज्यांचा, देव त्यांच्यासारखा, एवढा साधा हिशोब त्यात होता.

आसपास गणपती आधीपासून होते. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव १८९३चा. चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं, गणेश गल्लीचं १९२८चं. लालबागच्या बाजारातला गणपती या सगळ्यांत धाकटा. पुढच्याच वर्षापासून, १९३५पासून, मूर्ती घडवायचं काम कांबळी घराण्याकडे आलं आणि पिढ्या बदलल्या तरी त्याच घरात राहिलं. फोटो एकापुढे एक ठेवले की कपडे, दागिने, मागची आरास बदलत जाते आणि ओळखीचा चेहरा टिकून राहतो. त्याचं कारण हे घराणं.

कॅमेरा कोणाकडे होता

मुंबईला कॅमेरा नवा नव्हता. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. विल्यम जॉन्सन या सोसायटीच्या आघाडीच्या मंडळींपैकी. १८६०च्या दशकात त्यांनी मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या लोकांच्या चित्रांचा ग्रंथ काढला. त्यातली गंमत अशी, की माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले आणि पार्श्वभूमी वेगळी घेऊन त्यावर ती माणसं चिकटवली. माणूस एकीकडचा, मागचं दृश्य दुसरीकडचं.

त्याच सुमारास, १८६० साली, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस फ्रिथ याने एक कंपनी काढली. ब्रिटनमधलं प्रत्येक शहर आणि प्रत्येक खेडं टिपायचं, हा तिचा ध्यास. कंपनीचे छायाचित्रकार गावोगाव फिरले, पेठ, पूल, चर्च, नदीकाठ टिपत राहिले. त्यांची पोस्टकार्डं खपली. कंपनी १९७१ साली बंद झाली, पण फोटो वाचले. आज कुठल्याशा खेड्यातला म्हातारा त्यातलं एक जुनं कार्ड पुढ्यात घेतो आणि सांगतो, या कोपऱ्यावरच्या दुकानात मी गोळ्या घ्यायचो.

लालबागच्या गल्लीत असा कोणी फिरला नाही. इमारती टिपायच्या तर फोर्टातल्या, लेणी टिपायची तर घारापुरीची. चाळीचा जिना, सार्वजनिक नळ, गिरणीच्या भिंतीला टेकलेली हातगाडी, यांचं पोस्टकार्ड कोण विकत घेणार? कोकणातून, घाटावरून आलेला गडी गिरणीत चिकटला की पहिल्या पगारातून स्टुडिओत जायचा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा आणि तो फोटो गावी धाडायचा. मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर कमान, बाग, कारंजं. लालबाग त्या फोटोत नसेच. जॉन्सनच्या ग्रंथातली माणसं आणि हा गडी एका बाबतीत सारखेच: खऱ्या जागेवर उभं असताना त्यांना कोणी टिपलं नाही.

ती संधी मिळाली गणपतीत. मंडळाने फोटोग्राफर बोलावला गणपतीसाठी, पण मांडव होता लालबागमध्ये. मांडवाचे जुने फोटो पाहायची एक रीत आहे. मधे बघायचं नाही, कडेला बघायचं. बांबूला धरून उभं राहिलेलं पोर, आरतीचं तबक घेतलेला कार्यकर्ता, मागच्या खिडकीतून वाकलेली बाई. मुद्दाम कोणी घेतलेले नसतात हे लोक. चौकटीत आपसूक शिरलेले असतात.

बाजारातला देव, देशातला देव

स्वातंत्र्याच्या आगेमागे राजा वेशांतर करू लागला. १९४६ साली त्याला नेताजी सुभाषचंद्रांचं रूप दिलं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच उत्सवात तो नेहरूंच्या रूपात आला आणि १९४८ साली, ज्या वर्षाच्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला त्याच वर्षी, महात्म्याच्या. बारा-चौदा वर्षांत कोळ्यांच्या पेहरावापासून इथवरचा प्रवास झाला. जे वर्तमानपत्र वाचू शकत नव्हते, त्यांनी देशात काय चाललंय ते मांडवात पाहिलं.

त्या मांडवाला गिरणीचं घड्याळ होतं. भोंग्यावर चाळ उठायची, भोंग्यावर जेवायची. दुसरी पाळी सुटली की माणसं रात्री उशिरा थेट दर्शनाला यायची, डोक्यात कापसाचे तंतू तसेच. मुलांचे ते दहा दिवस पताकांना खळ लावण्यात, वर्गणीदारांच्या मागे पावतीपुस्तक घेऊन जिने चढण्यात आणि रात्रीच्या आरतीला झांज कोणाच्या हातात यावरून भांडण्यात जायचे. पुढे कोणाकडे आग्फा क्लिक थ्री आला तर तो अख्ख्या मजल्याचा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातले दोन राजाचे, एक विसर्जनाचा, उरलेले पुढच्या लग्नासाठी राखून ठेवलेले. रोल धुवायला जाईपर्यंत कधी कधी दिवाळी उलटायची.

मूर्ती उंच झाली

१९७७ साली शेजारच्या गणेश गल्लीचा सुवर्णमहोत्सव होता. मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी तिथे २२ फुटांची मूर्ती उभी केली आणि लालबाग-परळच्या उत्सवाची मोजपट्टीच बदलली. उंच मूर्ती पूर्ण टिपायची तर फोटोग्राफरला मागे सरकावं लागतं, कॅमेरा उभा धरावा लागतो. कॅमेरा उभा धरला की पहिल्यांदा कडा कापल्या जातात, आणि पुढे उभी असलेली माणसं बोटाएवढी होतात.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षीचे गणपती बसले तेव्हा संपाला सात महिने झाले होते. घरात भांडी विकली जात होती, बायका खानावळीच्या पोळ्या लाटत होत्या, पोरांना गावी धाडलं जात होतं. मखराच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. देवापुढे कोणी आपली उपासमार मांडून ठेवत नाही. ते ऐकायला माणसांजवळच बसावं लागतं. मीना मेनन आणि नीरा आडारकर तशा बसल्या. कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा शंभर वर्षांचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ २००४ साली आला.

गिरण्या गेल्या, राजा मोठा झाला. 'नवसाला पावणारा' ही कीर्ती महाराष्ट्राबाहेर पोचली. नवसाची रांग वेगळी झाली, मुखदर्शनाची वेगळी. उत्सवाआधी पडदा वर करून पहिली झलक दाखवायची प्रथा पडली. शेकडो कॅमेरे एकाच चेहऱ्यावर रोखलेले. मंडळाच्या हाती पैसा आला, त्यातून अभ्यासिका उभी राहिली, डायलिसिस केंद्र उभं राहिलं. विसर्जनाची मिरवणूक सकाळी निघून भायखळ्यावरून, अग्निशमन दलाची सलामी घेत, दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीला पोचू लागली. गिरणीच्या चिमण्या होत्या तिथे टॉवर आले.

राजाचे फोटो इतके कधीच निघाले नव्हते. हरेक खिशात कॅमेरा, हरेक हात वर. पण रांगेत तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाला पुढ्यात मिळतो क्षणभर, आणि त्या क्षणात तो फक्त चेहरा टिपतो. मांडवाची कड, शेजारचं घर, बांबूला धरलेलं पोर यातलं काही त्यात मावत नाही.

एक गाळलेलं पान

२०२० साली कोरोनाच्या साथीत मंडळाने मूर्ती न बसवण्याचा निर्णय घेतला. ८६ वर्षांच्या परंपरेत असं पहिल्यांदाच घडलं. त्याऐवजी 'आरोग्योत्सव' झाला: रक्तदान, प्लाझ्मादान. पुढच्या वर्षी राजा परतला तो सरकारी नियमाप्रमाणे चार फुटांचा होऊन.

वर्षवार अल्बममध्ये २०२०चं पान त्यामुळे वेगळं आहे. त्या वर्षीच्या फोटोंत मखर नाही, मुकुट नाही. खाटेवर आडवी झालेली माणसं आहेत, तोंडावर मास्क, हाताला सुई. इतकी वर्षं कडेला उभे असलेले लोक त्या एका वर्षी चौकटीच्या मधोमध आले.

२०३४ साली मंडळाच्या पहिल्या गणपतीला शंभर वर्षं होतील. शताब्दी म्हटली की स्मरणिका आलीच. राजाचे वर्षवार फोटो मंडळाकडे आहेतच, तेवढ्याने लालबाग पुरं होणार नाही. बाकीचं लालबाग चाळींतल्या पत्र्याच्या ट्रंकांत आहे, डोंबिवली-विरारला गेलेल्यांच्या कपाटांत आहे, गावच्या घरी फडताळात आहे. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असलेले, पेन्सिलने साल लिहिलेले, कोपरे दुमडलेले फोटो. पाडकामात चाळी जाताहेत, घरं बदलताना ट्रंका भंगारात जाताहेत, आणि फोटोतला कोण कोण ते सांगणारी माणसंही थकत चालली आहेत. म्हणून स्मरणिकेची वाट न पाहता मंडळाने हे फोटो आत्ताच मागावेत. मागताना कार्यकर्त्यांनी घरोघर एवढंच सांगावं: घरातली माणसं नीट दिसली पाहिजेत, मागे गणपती अर्धाच आला असेल तरी चालेल.