कोंडवाड्यापासून पिंजऱ्यापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील लांज्याच्या आसमंतातील जांभ्याच्या सड्यावर, पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले म्हणजे, त्याच्या बुडाशी अंग चोरून बसलेला रानससा माणसाचे पाऊल अगदी निकट येईपर्यंत जागचा हालत नाही. तो बीळ खोदीत नाही. अंगापुरती खळगी हेच त्याचे घर. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मात्र त्याचा दूरचा आप्त असून, त्याचे मूळ कुळ आयबेरियन द्वीपकल्पातील, कळपाने बिळे खोदून राहणारे आहे. खोदणे, कुरतडणे, लपणे आणि सोबत हा त्याचा स्वभावधर्म. आणि बंदिवासात त्याला नेमके याच गोष्टींना मुकावे लागते.

कोंडलेल्या जनावराचे आपण काय देणे लागतो, या प्रश्नाचे सरकारदरबारी जुने उत्तर मोठे तुटपुंजे होते. 1871 च्या कायद्यान्वये, दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई, आणि दंड व खुराकीचा खर्च भरून धनी ते सोडवून नेईपर्यंत त्याला चारापाणी घालणे कोंडवाड्याच्या रखवालदारावर बंधनकारक असे. चारापाणी दिले की फर्ज अदा झाले, अशीच तत्कालीन समजूत होती.

सशाचे ऋण तर याहून थोर. 1896 साली मुंबईत प्लेगने कहर मांडला, गिरण्यांत पोटासाठी गेलेले रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य चाकरमानी जीव मुठीत धरून गावाकडे परतू लागले, त्या समयी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरील लस प्रथम सशांवर आजमावली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःस टोचून घेतली.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने लावून धरलेल्या मागणीतून 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमाने, जनावरास वाजवी हालचाल करता येणार नाही इतक्या तोकड्या पिंजऱ्यात त्यास ठेवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र 10 ते 50 रुपये. चाऱ्याच्या जोडीला आता जागा आली. तथापि रिकामी जागा म्हणजे जीवन नव्हे, हे उमगण्यास आणखी काळ जावा लागला. 1965 साली इंग्लंडात सरकारने नेमलेल्या ब्रँबेल समितीने पाळीव जनावरांच्या स्वाभाविक वर्तनाचा विचार अग्रभागी आणला, तेव्हा कोठे या विषयास शास्त्रीय अधिष्ठान लाभले.

सशाचे दात आमरण वाढत असतात. चघळण्यास वाळले गवत व कुरतडण्यास लाकूड नसेल तर ते वाढून तोंडातच रुततात. उघड्या तारेच्या जाळीवर सतत बसून पावलांना जखमा होतात. म्हणून पेंढ्याची बिछायत, मागील पायांवर उभे राहता येईल इतकी उंची, चढून बसण्यास फळी, दोन तोंडांचा लपण्याचा खोका आणि स्वभाव जुळणारा सोबती, एवढा सरंजाम आवश्यक मानला जातो. लांज्यात यांपैकी बहुतेक जिन्नस घरच्या पडवीतच सापडतात; खर्चाची बाब एकच, ती वैशाखातील उष्म्यापासून संरक्षणाची, कारण दाट लोकरीच्या या प्राण्याला थंडीपेक्षा उकाडाच अधिक बाधतो.

ससा जागा असतो तो पहाटे व तिन्हीसांजेला; आणि झाडलोट करणारा येतो भर दुपारी, तेव्हा ससा निपचित पडलेला पाहून त्यास काही नको आहे असा निवाडा करून मोकळा होतो. पाळणाऱ्याने आपल्या सोयीची वेळ सोडून जनावराच्या वेळी पाहणी करावी, म्हणजे कायद्याच्या कलमात न मावलेली त्याची पुष्कळशी गरज आपोआप ध्यानी येईल.