वनसान्निध्य आणि आरोग्य : किसोच्या अरण्याचा बोध

शरीराला व्याधी जडली म्हणजे मनुष्य वैद्याकडे जातो. परंतु शरीर आणि मन दोन्ही शिणली असता त्याची पावले आपसूक वृक्षांच्या सावलीकडे वळतात. हा अनुभव सर्व देशांत आणि सर्व काळी आढळून येतो. आपल्या ऋषिमुनींचे आश्रम वनात वसलेले होते, वैदिक वाङ्मयाच्या एका भागास आरण्यके हे नाव वनावरूनच पडले, आणि उतारवयासाठी आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थाश्रम सांगितला. तथापि या अनुभवाची शास्त्रीय कसोटी मुख्यत्वे गेल्या पाच दशकांतच लावली गेली. त्या कसोटीचा इतिहास पाहू जाता तो जपानमधील किसो खोऱ्यातील एका प्राचीन अरण्यापाशी जाऊन पोहोचतो. ते अरण्य शिल्लक कसे राहिले, याची हकीकत देवस्थानांशी नाते असलेल्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये दीर्घकालीन युद्धे संपून स्थैर्य आले. किल्ले, वाडे आणि नवी शहरे उभारण्याची एकच धांदल उडाली आणि किसोच्या डोंगरांतील हिनोकी वृक्षांवर कुऱ्हाड कोसळली. हिनोकी हा सुरूच्या वर्गातील सरळसोट, सुगंधी व टिकाऊ लाकडाचा वृक्ष होय. अर्ध्या शतकात डोंगर उघडे पडू लागले. १६१५ पासून हा प्रदेश ओवारी संस्थानाच्या ताब्यात होता. संस्थानाने १६६५ मध्ये काही वनभाग पूर्णपणे राखीव केले आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिनोकीसह पाच जातींचे वृक्ष तोडण्यास मनाई केली. 'एका झाडामागे एक शिर' अशी म्हण त्या खोऱ्यात रूढ झाली, एवढा या कायद्याचा धाक होता. त्याची झळ गोरगरीब गावकऱ्यांना सोसावी लागली, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. कारण ज्या रानावर त्यांची उपजीविका चालत असे, त्याच रानात ते गुन्हेगार ठरू लागले. परंतु त्या निर्बंधांच्या छायेत जी रोपे वाढली, तीच आज आकासावा येथील सुमारे तीनशे वर्षांच्या हिनोकी वृक्षांच्या रूपाने उभी आहेत.

या अरण्याचे देवकार्याशीही निकटचे नाते आहे. इसे येथील सूर्यदेवतेचे महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधण्याची परंपरा सातव्या शतकापासून चालत आली आहे. असे बासष्टावे नूतनीकरण २०१३ मध्ये झाले व पुढील २०३३ मध्ये योजिले आहे. त्यासाठी लागणारे हिनोकीचे लाकूड दीर्घकाळापासून प्रामुख्याने किसोच्या रानातून येते. पहिला वृक्ष तोडण्यापूर्वी विधिपूर्वक प्रार्थना होते. करवत न वापरता तीन बाजूंनी कुऱ्हाडीने घाव घालून वृक्ष पाडतात आणि पाडलेल्या वृक्षाच्या शेंड्याची डहाळी त्याच्याच बुंध्यात खोचून वनदेवतेचे ऋण व्यक्त करतात. घेणे आणि राखणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच विधीत कशी सामावतात, याचा हा उत्तम नमुना होय.

१९८२ मध्ये जपानच्या वनखात्याचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी 'शिनरिन-योकु', म्हणजेच वनस्नान, ही संज्ञा प्रचारात आणली. या स्नानात पाण्याचा संबंध नाही. वृक्षांमध्ये संथपणे चालावे, बसावे, गंध घ्यावा, पानांचा नाद ऐकावा, इतकेच. या उपक्रमाचा पहिला मेळावा त्याच वर्षी आकासावाच्या अरण्यात भरला. शहरी धकाधकीने त्रासलेल्या लोकांना विसावा मिळावा आणि वनांविषयी आस्था वाढावी, असा त्यामागे हेतू होता. शास्त्रीय पुरावा मात्र त्या वेळी तुटपुंजाच होता.

तो पुरावा हळूहळू जमा होत गेला. १९८४ मध्ये अमेरिकेतील रॉजर उल्रिच यांनी पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. २००५ मध्ये टोकियोतील डॉ. चिंग ली यांनी कचेरीत काम करणाऱ्या बारा पुरुषांना तीन दिवसांच्या वनयात्रेस नेले. रोगट पेशींचा नाश करणाऱ्या रक्तातील विशिष्ट पेशींची कार्यशक्ती त्यांच्यात सरासरी निम्म्याने वाढलेली आढळली. वृक्षांतून हवेत मिसळणारी सुगंधी द्रव्ये हे त्याचे एक कारण असावे, असे या संशोधकांचे मत आहे. तद्नंतर जपानमधील २४ वनांत २८० तरुणांवर झालेल्या प्रयोगांत शहराच्या तुलनेत वनामध्ये नाडीची गती, रक्तदाब आणि मानसिक ताण दर्शविणारे संप्रेरक ही तिन्ही कमी असल्याचे दिसून आले.

अर्थात यावरून वृक्षसान्निध्य औषधाची जागा घेते, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. यांपैकी कित्येक प्रयोग मोजक्याच व्यक्तींवर झालेले आहेत. मनाला विश्रांती, शरीराला आधार आणि उपचारांना साहाय्य, इतके श्रेय वृक्षांना निःशंकपणे देता येईल. आणि तेवढे श्रेयही लहान नव्हे.

किसोची ही हकीकत गोव्यातील व कोकणातील वाचकास परकी वाटू नये. आपल्याकडे देवराई होती. तेथील वाळलेली काटकीदेखील घरी नेऊ नये, देवळाच्याच कामासाठी लाकूड हवे असल्यास देवाचा कौल घ्यावा, असा दंडक अनेक गावांत पाळला जाई. १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणून दिले. ओवारी संस्थानाने जे शिरच्छेदाच्या भीतीने साधले, ते आपल्या पूर्वजांनी श्रद्धेच्या बळावर साधले होते. उत्सवाच्या दुपारी तळीकाठच्या वडाखाली किंवा ओवळीच्या छायेत विसावणाऱ्या वृद्धांना त्याचे फळ कोणत्याही प्रयोगाविना मिळत आले.

आज देवस्थानांचा विस्तार होत आहे. सभामंडप, अग्रशाळा आणि वाहनांसाठी जागा ही भाविकांची खरी गरज आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मंडप एका वर्षात उभा राहतो, आणि आकासावासारखी छाया उभी राहण्यास तीन शतके लागतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हिनोकीची रोपे राखली, त्यांच्यापैकी कोणीही त्या छायेत बसला नाही. म्हणूनच देवाच्या आवारातील जुन्या वृक्षावर कुऱ्हाड चालविण्याचा ठराव महाजनांच्या सभेपुढे येईल, तेव्हा उपस्थितांच्या मतांबरोबर अद्याप न जन्मलेल्या महाजनांचेही मत विचारात घेतले जावे. पूर्वजांनी राखलेली छाया पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविणे ही देवसेवाच होय.