डिझाइनची पदवी : कर्ज काढण्यापूर्वी हप्त्याचा हिशेब

कोल्हापूर : बाबुराव पेंटर आणि आबालाल रहिमान यांच्या या नगरीत चित्रकलेचे वेड नवे नाही. कलानिकेतन, दळवीज आर्टस् इन्स्टिट्यूट यांसारख्या संस्थांनी ते जोपासले आहे. आता मात्र इंटरमिजिएट परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींची पावले डिझाइनच्या पदवीकडे वळत आहेत. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्याचा खर्च अनेक घरांना कर्जाशिवाय पेलत नाही. त्यामुळे ‘प्रवेश मिळेल का?’ या प्रश्नाइतकाच ‘कर्ज फिटेल का?’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

कोठे शिकावे?

अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचे केंद्र आहे. तेथील पदवी अभ्यासक्रमासाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फॅशन व वस्त्रोद्योगाकडे ओढा असणाऱ्यांना ‘निफ्ट’, तर जाहिरात व मुद्रणाकडे वळणाऱ्यांना उपयोजित कलेची पदवी हे पर्याय आहेत. अनेक खासगी विद्यापीठांत चार वर्षांचे केवळ शुल्कच दहा लाखांपुढे जाते. वसतिगृह, खानावळ, लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि प्रकल्पांचे साहित्य यांचा खर्च वेगळा. शासकीय वा अनुदानित कला महाविद्यालयातील शिक्षण त्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.

दहा लाखांचे किती होतात?

शैक्षणिक कर्जाची परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. व्याज मात्र पहिल्या उचलीपासूनच चढू लागते. उदाहरणादाखल, दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत दहा लाख रुपये उचलले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर हप्ते सुरू होईपर्यंत सरळव्याजाने साडेतीन लाखांची भर पडते. या साडेतेरा लाखांचा दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १७ हजार ८०० रुपये होतो आणि एकूण परतफेड सुमारे २१ लाख ४० हजारांवर जाते. मुदत पंधरा वर्षांची घेतल्यास हप्ता साडेचौदा हजारांवर येतो. पण एकूण परतफेड २६ लाखांच्या वर जाते.

शिक्षण चालू असतानाच पालकांनी व्याज भरत राहिल्यास मूळ दहा लाखच फेडायचे उरतात आणि दहा वर्षांचा हप्ता १३ हजार २०० रुपयांच्या आसपास बसतो. त्यासाठी पहिल्या वर्षी महिना सुमारे २१०० रुपये, तर चौथ्या वर्षी सुमारे ८३०० रुपये काढावे लागतात.

हप्ता हाती पडणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, असे धरले तर १७ हजार ८०० रुपयांच्या हप्त्यासाठी महिना ७१ हजारांची मिळकत हवी. हेच कर्ज चार लाखांचे असेल तर हप्ता सुमारे ७१०० रुपये येतो आणि २८-२९ हजारांचा पगार पुरतो. पुण्या-मुंबईत नोकरी लागल्यास घरभाडेही याच पगारातून जाते, हे ध्यानात घ्यावे.

कमाईचे आकडे कसे वाचावेत?

माहितीपुस्तिकेत छापलेले ‘सर्वोच्च पॅकेज’ एखाद्याच विद्यार्थ्याचे असते. विचारावयाचे ते मध्यक वेतन, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते तो आकडा. केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना मध्यक वेतन आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या जाहीर करावी लागते. शाखेनुसारही फरक पडतो. मोबाइल अ‍ॅप व संकेतस्थळांच्या डिझाइनला जे वेतन मिळते, ते छपाई वा वस्त्र डिझाइनमध्ये सुरुवातीस मिळेलच असे नाही.

जिल्ह्यातही वाव

इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, शिरोली व गोकुळ शिरगावचे कारखाने यांना डिझाइनची गरज आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या आणि मूळ कारागिरांच्या श्रेयाचा वाद उभा राहिला. कल्पनेचे मोल त्यातून दिसले. मात्र स्वतंत्र व्यवसायात उत्पन्न अनियमित आणि हप्ता नियमित असतो. अशा वाटेने जाणाऱ्यांनी कर्ज लहानच ठेवलेले बरे.

तारण व सवलती

केंद्राच्या २०१५ च्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. पालक सहकर्जदार होतात. त्यापुढे बँका घर, भूखंड वा मुदत ठेव मागतात. सरफेसी कायदा लागू होत नसल्याने शेतजमीन तारण घेण्यास त्या सहसा राजी नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. राज्याने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी दिली. अभिमत व खासगी विद्यापीठे मात्र तीतून वगळली. म्हणजेच संस्थेची निवड करतानाच सवलतीचाही निकाल लागतो. फेडलेल्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांनाच.

गरीब घरची मुले शिकावीत म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये याच शहरात वसतिगृहांची चळवळ सुरू केली. शिक्षणासाठी कर्ज काढण्यात कमीपणा नाही. मात्र अर्जावर सही करण्यापूर्वी शुल्क, व्याज, हप्ता आणि मध्यक वेतन हे चार आकडे एका कागदावर मांडावेत. मेळ बसत नसेल, तर स्वस्त संस्था किंवा छोटे कर्ज निवडणे हाच शहाणपणा.