रक्त पोचलं का? डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची गोष्ट



ऑपरेशन ठरलं की नर्सताई बजावतात, नेलपॉलिश काढून या. ही काही उगाच शिस्त नाही. भूल दिलेली बाई स्वतः काही सांगू शकत नाही, तेव्हा तिची नखं बोलतात. नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. गुलाबी व्हायला वेळ लागला, तर तिथे रक्त नीट पोचत नाही असा संशय येतो.

पोटाच्या आतही सर्जन फार काळ असंच ठरवत आले. रंग बघायचा, कापल्यावर लाल रक्त येतं का ते बघायचं. आतड्याचा खराब भाग काढून दोन टोकं शिवतात. त्या टोकांना रक्त मिळालं नाही तर सांधा काही दिवसांनी सुटतो, घाण पोटात पसरते आणि जिवावर बेततं. स्तनाच्या कॅन्सरनंतर पोटाची कातडी-मांस छातीवर बसवतात, तिथेही तीच धास्ती. जगणारी कातडी आणि पुढे काळी पडणारी कातडी, टाके घालताना दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये फ्लुरोसीन नावाचा रंग बनवला. ठरावीक दिव्याखाली तो पिवळा-हिरवा चमकतो. 1942 मध्ये अमेरिकेतल्या लांगे आणि बॉइड या डॉक्टरांनी तो शिरेतून टोचून रक्ताभिसरण तपासण्याची पद्धत मांडली. रक्त पोचलं तिथली कातडी चमकायची, बाकीची अंधारी राहायची. युक्ती नामी होती. पण रंग अंगात रेंगाळायचा, लघवीसुद्धा पिवळीधमक व्हायची, म्हणून लगेच पुन्हा तपासता येत नसे. शिवाय सावळ्या कातडीतला काळा रंग तो उजेड शोषून घेतो. म्हणजे आपल्यासारख्यांना बघायला हे साधन अपुरंच होतं.

दुसरा रंग आला तो भलत्याच कामासाठी. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. आयर्विन फॉक्स यांना हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायचं होतं. रक्तात रंग सोडायचा आणि तो किती पातळ झाला ते उजेडानं मोजायचं. पण ऑक्सिजन भरलेलं रक्त तांबडंलाल, ऑक्सिजन संपलेलं काळपट, त्यामुळे मोजणी चुकायची. दोन्ही रक्तं जो उजेड सारखाच शोषतात, नेमका तोच उजेड शोषणारा रंग हवा होता. तो फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. मेयो क्लिनिकही रॉचेस्टरला आणि कोडॅकही रॉचेस्टरला, पण ही दोन वेगळी गावं बरं का! रंगाचं नाव इंडोसायनिन ग्रीन. 1959 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. यकृत तो काही मिनिटांतच रक्तातून उचलून पित्तात टाकतं, म्हणून थोड्या वेळानं पुन्हा टोचता येतो.

जाता जाता सांगायला हवं. जपानचे ताकुओ आओयागी 1970 च्या दशकात हाच रंग कानाच्या पाळीतून मोजत होते. नाडीचे ठोके मोजणीत सारखे लुडबुड करत. ती लुडबुडच कामाची आहे हे त्यांनी ओळखलं, आणि त्यातून ऑक्सिजन मोजायचा चिमटा जन्मला. कोरोनात आशाताई आपल्या बोटाला लावायच्या, तोच.

हा हिरवा रंग रक्तात असताना त्यावर खास उजेड टाकला की तो चमकतो, पण ती चमक डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाईलवर ठिपका चमकताना दिसेल, नुसत्या डोळ्यांना नाही. तसाच हा उजेड. सावळी कातडी तो फारसा अडवत नाही आणि काही मिलिमीटर आतलंही दिसतं. तसे कॅमेरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ऑपरेशनच्या खोलीत आले.

फायदा किती? अमेरिकेत 2015 साली आलेल्या अभ्यासात 139 रुग्णांपैकी 11 जणांचा बेत सर्जननी कॅमेरा बघून बदलला. त्या अकरांत एकाचाही सांधा सुटला नाही. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून 347 रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2021 मध्ये आला. कॅमेरा असो वा नसो, सांधा सुटण्याचं प्रमाण दोन्हीकडे शंभरात नऊच्या आसपास. हा अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला होता, तरी कॅमेऱ्याची जाहिरात ऐकताना तो आकडा आठवावा असं आम्हाला वाटतं.

कारण सांधा सुटायला रक्त न पोचणं हे एकच कारण नसतं. तंबाखू, कुपोषण, टाक्यांवरचा ताण, अंगात रक्त कमी असणं, हीही कारणं असतात. हा रंग तर रक्तातल्या पाण्यासोबत वाहतो, लाल पेशींसोबत नाही. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचं आतडंही पडद्यावर लख्ख उजळू शकतं. ऑपरेशनची तारीख घेताना आपला हिमोग्लोबिनचा आकडा विचारून घ्या, आणि आयोडीनची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा, कारण या औषधात थोडं आयोडाईड असतं.