खोगीरभरती : गंगथडीच्या घोड्याची पाठ आणि विसरलेले हात

१/
पुणतांब्यास गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांच्या भेटीस चांगदेव वाघावर आरूढ होऊन, हाती सापाचा चाबूक घेऊन निघाले, ही कथा महाराष्ट्रात लहानपणीच कानी पडते. त्या वाघाला पलाण नव्हते, रिकीब नव्हती, तंगही नव्हता. योग्याला त्यांची गरज पडली नाही. मात्र याच काठाने पुढील शतकांत जे हजारो स्वार आले-गेले, त्यांच्या आणि घोड्याच्या मध्ये नेहमी एक वस्तू असे : खोगीर. हा धागा त्या वस्तूविषयी आणि ती घडविणाऱ्या हातांविषयी आहे.

२/
आरंभ शब्दापासून करणे योग्य. 'खोगीर' हा शब्द फारसीतून आला. 'खोय' किंवा 'खू' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. घोड्याच्या पाठीचा घाम शोषून घेणारे ते खोगीर. 'जहांगीर' आणि 'बारगीर' या शब्दांतला 'गीर' हाच. जग घेणारा बादशहा, भार घेणारा स्वार आणि घाम घेणारी गादी असे तिघे एकाच प्रत्ययाने बांधले गेले आहेत. सन्मान मात्र तिघांच्या वाट्याला सारखा आला नाही.

३/
घोड्याभोवतीची मराठी शब्दसंपत्ती बव्हंशी अशीच आलेली आहे. जीन, लगाम, तंग, रिकीब, पागा, नालबंद हे सारे शब्द फारसी-अरबी मुळांचे. त्याआधीचा आपला शब्द 'पलाण', संस्कृत 'पर्याण' यापासून झालेला. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्याच्या दहा वर्गांत सेनेसाठी स्वतंत्र 'चतुरंगवर्ग' आहे. दरबारी कागदांत संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तरीही पागेतल्या माणसाच्या तोंडी खोगीर आणि रिकीब हेच शब्द राहिले.

४/
आता मूळ प्रश्न. खोगीर लागतेच कशाला? घोड्याच्या पाठीच्या मधोमध कण्याची हाडे असतात आणि त्यांवर मांस फार थोडे असते. स्वाराचे वजन थेट कण्यावर पडले, तर कातडी सोलते, गाठी येतात, जखम चिघळते. यालाच 'पाठ लागणे' म्हणतात. पाठ लागलेला घोडा धड असूनही निकामी असतो, त्यावर बसता येत नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या खोगिराचे पहिले काम स्वाराला बसवणे हे नसून कणा मोकळा ठेवणे हे आहे.

५/
हे काम जगात दोन रीतींनी झाले. पहिली रीत लाकडी सांगाड्याची. कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक लांबट फळी, पुढे व मागे त्यांना जोडणारी कमान, आणि वर चामडे. इंग्रजीत या सांगाड्याला 'ट्री', म्हणजे झाडच म्हणतात. दुसरी रीत गादीची. कण्याच्या दोन्ही बाजूंना भरीव उशा आणि मधे मोकळी वाट. दख्खनचे साधे खोगीर हे दुसऱ्या रीतीचे.

६/
पहिल्या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध वारसा अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांचे खोगीर हा आहे. स्पेनमधून मेक्सिकोत आणि तेथून टेक्सास-कॅलिफोर्नियात गेलेली ही विद्या. कारागीर सांगाड्यासाठी हलके, सरळ रेषांचे, गाठी नसलेले आणि खिळा धरून ठेवणारे लाकूड निवडतो. त्यावर न कमावलेले ओले कच्चे कातडे ताणून शिवतो. कातडे वाळताना आवळत जाते आणि लाकडाचे सांधे मुठीत धरल्यासारखे घट्ट होतात. उन्हात घाई करून वाळवले, तर तेच कातडे सांगाडा पिळवटून टाकते. म्हणून ते सावलीत, सावकाश वाळवायचे.

७/
सांगाड्याची निवड लाकडावर संपत नाही. तो कोणत्या पाठीसाठी, हे पाहावे लागते. अरुंद सांगाडा रुंद घोड्याच्या खांद्यांना चिमटा काढतो. रुंद सांगाडा अरुंद घोड्यावर खाली बसतो आणि मानेमागच्या उंचवट्यावर टेकतो. लाकूड एकदा घडले की वाकत नाही. घोडा उन्हाळ्यात वाळला, पावसाळ्यानंतर भरला, तरी सांगाडा तोच राहतो. लाकडाचे बळ आणि लाकडाची मर्यादा, दोन्ही येथेच आहेत.

८/
भरलेल्या गादीचा गुण याच्या नेमका उलट. घोडा वाळला तर शिवण उसवून भरण वाढवता येते, एखाद्या जागी पाठ लागली तर तेथले भरण काढून पोकळी ठेवता येते. सुतार लागत नाही, छावणीत सुईदोरा पुरतो. उणीवही उघड आहे. भरण दबते, गोळे होतात, घामाने कुजते, आणि मग तीच गादी पाठ कापू लागते. अशा खोगिराची रोज तपासणी करावी लागे.

९/
येथेच मराठीतील एका वाक्प्रचाराचा उगम आहे. खोगिरात काय भरत? लोकर, कापूस हे उत्तम. न मिळाल्यास चिंध्या, गवत, हाती येईल ते. त्यावरून निरुपयोगी माणसांच्या वा मजकुराच्या भरण्याला 'खोगीरभरती' म्हणू लागले. आज संपादक लेखाला आणि समीक्षक चित्रपटाला हा शब्द वापरतात. खरे पाहता, ती भरती नसती तर घोड्याची पाठ आणि स्वाराची मोहीम दोन्ही बुडाली असती. भाषेने इथे जरा अन्यायच केला आहे.

१०/
रिकिबीचा इतिहास महाराष्ट्राच्या लेण्यांपर्यंत जातो. भाजे, सांची व मथुरा येथील इसवी सनापूर्वीच्या शिल्पांत स्वारांचे पाय घोड्याच्या पट्ट्याखाली अडकवलेले दिसतात. पायाला आधार देण्याचे ते जगातील फार जुने पुरावे मानले जातात. दोन्ही पायांसाठी घट्ट आकाराची जोड-रिकीब मात्र चौथ्या शतकाच्या सुमारास चीनच्या उत्तरेत आढळते. फंग सूफू या सरदाराच्या इ. स. ४१५ मधील थडग्यात सापडलेल्या रिकिबी लाकडाच्या असून त्यांवर मुलामा दिलेल्या धातूचा पत्रा होता. म्हणजे लाकडावर आवरण घालण्याची कल्पनाही रिकिबीइतकीच जुनी.

११/
आवरणाची चामडी रीत पुन्हा मेक्सिकोकडील. तेथे रिकिबीच्या पुढच्या तोंडावर चामड्याची टोपी चढवतात. तिला 'टापादेरो' म्हणतात, शब्दशः झाकण. वनस्पतीच्या सालीत कमावलेले जाड कातडे ओले करून रिकिबीच्या आकारावर बसवायचे, पुढच्या बाजूस दोन सुयांनी शिवायचे. दोन सुयांच्या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. या टोपीने काटेरी झुडपांपासून पाय वाचतो आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पडलेल्या स्वाराचा पाय रिकिबीत अडकणे म्हणजे फरफटत मरणे. हा चामड्याचा तुकडा शोभेसाठी नाही, जीव राखण्यासाठी आहे.

१२/
दख्खनमध्ये काटे कमी नव्हते, आणि कातडे कमावण्याची विद्याही तीच होती. चुन्याने केस काढायचे, बाभळीची वा तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे. हे काम ढोर समाजाचे. रापीने कापणे, आरीने भोक पाडणे, वादीने शिवणे हे चर्मकाराचे. पादत्राणे, विहिरीची मोट, आसूड, घोड्याचा तंग, रिकीब लोंबते तो पट्टा अशा अनेक वस्तूंच्या मुळाशी हीच साखळी होती.

१३/
आता हे सारे एका मोहिमेत पाहू. १७२७च्या अखेरीस पहिल्या बाजीरावांनी निजामाविरुद्ध चाल केली. जालना, खानदेश, गुजरात असा प्रचंड फेरा घालून ते पुन्हा गोदावरीच्या खोऱ्यात उतरले. जड तोफखाना घेऊन पाठलाग करणारा निजाम थकला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पुणतांब्याच्या पलीकडच्या अंगास, वैजापूरजवळ पालखेड येथे तो कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. मुंगीही गोदाकाठचीच.

१४/
पालखेडची चर्चा नेहमी वेगाविषयी होते, आणि ती योग्यच आहे. पण वेग म्हणजे काय? काही महिने, रोज, त्याच घोड्याची तीच पाठ शाबूत राहणे. भीमथडी आणि गंगथडी, म्हणजे भीमा व गोदावरी यांच्या काठची दख्खनी घोडी अरबी घोड्यांपेक्षा ठेंगणी, पण काटक होती. हलकी गादी, थोडा चारा आणि काटक तट्टू यांचा मेळ या युद्धपद्धतीला साजेसा होता. एकट्या खोगिराने लढाई जिंकली असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पाठी लागलेल्या घोड्यांनी ती जिंकता आली असती, असे म्हणणे त्याहून मोठी.

१५/
या मोहिमेत मल्हारराव होळकरही होते. ज्या धनगर समाजातून ते आले, त्याच समाजाच्या मेंढ्यांची लोकर घोंगडी होऊन पुढे घोड्याच्या पाठीवरही पडे. त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. पुणतांब्याच्या घाटांपैकी एक त्यांनी बांधविल्याचे सांगतात. घाटाला कर्त्याचे नाव आहे. खोगिराला नाही.

१६/
हे नाव का उरले नाही? सभासद बखरीत शिवकालीन पागेचा हिशेब येतो : पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी व नाल यांची माणसे मोजलेली आहेत. खोगीर शिवणारा त्या सुप्रसिद्ध ओळीत नाही. तो बाजारात, पेठेत किंवा गावाच्या कडेला होता.

१७/
शहरांत हे काम जीनगर समाज करी. जीन करणारे ते जीनगर. स्वतःला ते आर्य सोमवंशी क्षत्रिय म्हणवीत. पेशवाई बुडाली, मोठ्या पागा मोडल्या, तेव्हा त्यांनी धातूकाम, चित्रे, मूर्ती अशा अनेक कला हाती घेतल्या. इतके कुशल हात विरळाच. तरी १८७२ मध्ये पुण्यातील न्हाव्यांनी जीनगरांची हजामत करण्यास नकार दिला. कारण एकच : चामड्याला स्पर्श होतो म्हणून ते अशुद्ध. जीनगरांनी बदनामीची फिर्याद केली, ती फेटाळली गेली.

१८/
या घटनेचा अर्थ नीट पाहावा. त्याच चामड्यावर सरदार बसत असे. घोड्यावर चढताना त्याच पट्ट्याला हात लागे, त्याच रिकिबीत पाय जाई. स्वाराला विटाळ होत नव्हता, विटाळ फक्त शिवणाऱ्याला होता. ढोर आणि चर्मकार समाजांना तर न्हाव्याच्या नकाराहून कितीतरी अधिक सोसावे लागले. गावची पाण्याची मोट त्यांनी शिवलेली, आणि त्या पाण्यावर हक्क मात्र इतरांचा.

१९/
इंग्रजी अमलात 'शिलेदार' हा शब्द टिकला. स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन येणाऱ्या स्वारांची पलटणे 'सिलादार' म्हणवली गेली, आणि ती पद्धत पहिल्या महायुद्धानंतर संपली. सरकारी खोगिरे कानपूरच्या कारखान्यात ठरावीक नमुन्याने होऊ लागली. कानपूरच्या खोगिरांना आज भौगोलिक मानांकन आहे, ती परदेशी जातात. अहिल्यानगरच्या लष्करी छावणीत घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली. भीमथडी घोड्याची अलीकडे देशी अश्वजात म्हणून अधिकृत नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट. जात वाचेल अशी आशा आहे. त्या पाठीसाठी खोगीर भरण्याची जुनी विद्या मात्र कोणत्याही नोंदवहीत आपोआप येणार नाही.

२०/
संग्रहालयात पुढच्या वेळी मराठा खोगीर दिसले, तर वरचे भरतकाम पाहून झाल्यावर ते बाजूने, खालच्या अंगाने पाहावे. दोन उशांमधली मोकळी वाट, दुरुस्त केलेली शिवण, बदललेली वादी शोधावी. तिथे एखाद्या नाव नसलेल्या माणसाने एका घोड्याची पाठ ओळखून केलेला निर्णय आहे. आणि त्यानंतर 'खोगीरभरती' हा शब्द उच्चारताना क्षणभर थांबावे.