फ्रीड्रिख कार्ल, प्रशियाचा राजपुत्र
(२० मार्च १८२८–१५ जून १८८५). प्रशियाचा सेनानी व फील्डमार्शल. सम्राट पहिला विल्हेल्म याचा पुतण्या. जन्म बर्लिन येथे. बॉन विद्यापीठात असताना पुढे युद्धमंत्री झालेला रोन त्याचा लष्करी मार्गदर्शक होता. १८४९ च्या बाडेन मोहिमेत तो जखमी झाला. हुसार घोडदळाच्या लाल गणवेशावरून त्यास ‘लाल राजपुत्र’ म्हणत. डेन्मार्कविरुद्धच्या युद्धात त्याच्या सैन्याने ड्यूपेलची तटबंदी सर केली (१८ एप्रिल १८६४). केनिखग्रेट्सच्या लढाईत (३ जुलै १८६६) त्याच्या पहिल्या सेनेने बिस्ट्रिट्स नदी ओलांडली. परंतु ऑस्ट्रियन तोफखान्यापुढे तिची आगेकूच खुंटली. दुपारी प्रशियाच्या युवराजाची दुसरी सेना ऑस्ट्रियनांच्या उजव्या बगलेवर येईपर्यंत पहिल्या सेनेने शत्रूस गुंतवून ठेवले व या तग धरण्यानेच विजय शक्य झाला [→ ऑस्ट्रिया-प्रशिया युद्ध]. १८७० मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो दुसऱ्या सेनेचा प्रमुख होता. मार्स-ला-तूर व ग्राव्हलॉत येथील लढायांनंतर त्याने मेट्सला वेढा घातला. २७ ऑक्टोबर रोजी तेथील फ्रेंच सेनापती बाझेनने सु. १,७३,००० सैनिकांसह शरणागती पतकरली [→ फ्रँको-प्रशियन युद्ध]. दुसऱ्याच दिवशी फ्रीड्रिख कार्ल व युवराज फील्डमार्शल झाले; प्रशियाच्या राजपुत्रांना हे पद प्रथमच मिळाले. त्यानंतर त्याने ऑर्लेआं (डिसेंबर १८७०) व ल मां (जानेवारी १८७१) येथे फ्रेंचांचा पराभव केला. पॉट्सडॅमजवळील ग्लिनिके येथे तो मरण पावला.